‘महिला जागेवर लागली’ असे घरातलेच म्हणतात तेव्हा

वडोदऱ्याहून एका मुलीचे पत्र आले आहे. तिची ओळख पटणार नाही अशा बेताने त्यातील मुख्य भाग येथे देते.

“मावशी, मी सव्वीस वर्षांची आहे आणि दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले. राज्य सरकारच्या वर्ग ३ च्या परीक्षेत खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर माझी निवड झाली आहे. माझा मामेभाऊही याच परीक्षेला बसला होता. त्याला माझ्यापेक्षा साडेसहा गुण जास्त आहेत, पण मुलांचे मेरिट वर अटकले आणि त्याचे नाव यादीत आले नाही. गौरीच्या जेवणाला सगळे जमले असताना मामी म्हणाली, ‘बाई म्हणून लागली, नाहीतर ती जागा आमच्या मुलाचीच होती.’ न्यू जर्सीतल्या दादानेही फोनवर ऐकवले की, अमेरिकेतही वर्ण आणि लिंग पाहून नेमणुका होत होत्या, आता तिथे ते बंद करत आहेत, तूही विचार कर. आजी तेवढी खूश आहे. पणजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत होते, त्यानंतर घरात पुन्हा सरकारी नोकरी आली, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आणखी एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. कॉलेजात माझ्या एका मैत्रिणीला राखीव जागेतून प्रवेश मिळाला होता, तेव्हा तिच्या पाठीमागे मीही हेच बोलले होते. आता ते आठवते आणि झोप लागत नाही. नेमणूकपत्र आले आहे, हजर व्हायला तीन आठवडे आहेत. मी ही नोकरी नाकारावी का?”

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते, कारण तीन आठवडे बघता बघता सरतील. नोकरी नाकारू नकोस.

तू नाकारलीस तरी ती जागा तुझ्या मामेभावाकडे जाणार नाही, हे घरात कोणी तुला सांगितलेले दिसत नाही. ती महिलांसाठी ठेवलेली जागा आहे. तू हजर झाली नाहीस तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणे जाईल. म्हणजे तुझ्यापेक्षा कमी गुणांची एखादी अनोळखी मुलगी त्या खुर्चीवर बसेल, मामेभाऊ आहे तिथेच राहील, आणि मामीच्या मनातली सल तशीच राहून तुझ्या हातचे मात्र जाईल. ज्या त्यागाने कोणाचेच भले होत नाही, तो करायला मी तुला सांगणार नाही.

आता त्या साडेसहा गुणांकडे वळू. महसूल खात्यात तेहतीस वर्षे काढल्यानंतर माझ्या लक्षात आले आहे की, या विषयावर तावातावाने बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना यादी कशी तयार होते हे ठाऊक नसते. समज, खुल्या प्रवर्गात तीस जागा आहेत. गुजरातमध्ये सरळ भरतीत स्त्रियांसाठी ३३ टक्के जागा असतात, म्हणजे तिसांतल्या साधारण दहा. आधी स्त्री-पुरुष असा भेद न करता केवळ गुणांनुसार पहिली तीस नावे लिहिली जातात. त्यांत दहा किंवा त्याहून जास्त मुली असतील तर काम तिथेच संपते आणि आरक्षणामुळे कोणालाही काहीही मिळत नाही. सातच मुली असतील, तर यादीतल्या सर्वांत खालच्या तीन मुलांची नावे काढून त्या ठिकाणी गुणांनुसार पुढच्या तीन मुली घेतल्या जातात. याला समांतर आरक्षण म्हणतात, आणि ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली राजस्थानातील एका प्रकरणात स्पष्ट करून सांगितली आहे.

त्यामुळे तुझ्या मामेभावाचे नाव त्या पहिल्या तिसांत होते का, हे आधी पाहावे लागेल. असेल, तर तो वगळलेल्या तिघांपैकी एक आहे आणि त्याला वाईट वाटणे अगदी रास्त आहे. वर्षानुवर्षे अभ्यास करून उंबरठ्यावरून परत फिरावे लागणे ही लहान गोष्ट नाही, आणि ‘हा सामाजिक न्याय आहे’ असे त्याला तोंडावर ऐकवणे मला तरी निष्ठुरपणाचे वाटते. पण त्याचा क्रमांक एकतिसावा किंवा पन्नासावा असेल, तर त्याची जागा कोणत्याही मुलीने घेतलेली नाही. त्याच्या पुढे जे गेले, ते जास्त गुण मिळवून गेले. मुलांचा कट-ऑफ आणि मुलींचा कट-ऑफ शेजारी ठेवून मधल्या फरकाइतके आपले नुकसान झाले असे मानण्याची जी सवय लोकांना लागली आहे, ती हिशेबातच चुकीची आहे.

शिवाय हा नियम तुझ्या सोयीसाठी मागाहून आणलेला नाही. तो जाहिरातीत छापलेला होता आणि तुम्ही दोघांनीही तीच जाहिरात वाचून अर्ज भरला. आपल्या संविधानाचे सोळावे कलम सांगते की, सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यांपैकी कोणत्याही कारणावरून भेदभाव होणार नाही. पंधराव्या कलमाचा तिसरा खंड सांगतो की, स्त्रिया आणि बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला आडकाठी नाही. ही विशेष तरतूद सरकारी नोकरीतही करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील प्रकरणात १९९५ साली मान्य केले.

अशी तरतूद करण्याची गरज का पडली, हेही तुला ठाऊक असावे. अ‍ॅना राजम मल्होत्रा या भारतीय प्रशासन सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. १९५१ साली त्या निवडल्या गेल्या, तेव्हा मुलाखत मंडळाने त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, परराष्ट्र सेवा किंवा केंद्रीय सेवा बायकांना अधिक बरी असे सुचवले, आणि त्यांच्या नेमणूकपत्रात विवाह झाल्यास सेवा समाप्त होईल अशी अट घातली होती. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांना बढतीसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्या सेवेच्या नियमांत स्त्रीने विवाहापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी असे लिहिलेले होते, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालात या भेदभावावर फार कठोर शब्दांत बोट ठेवले. मी नोकरीला लागले तेही १९७९ सालीच. त्या काळच्या ज्या गुणवत्ता याद्यांचे आज कौतुक होते, त्या निम्म्या लोकसंख्येला दाराबाहेर थोपवून केलेल्या याद्या होत्या.

माझी पहिली नेमणूक एका तालुक्याच्या कचेरीत झाली. तिथे मी एकटीच स्त्री होते आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. कचेरीच्या मागे एका शाळामास्तरांचे घर होते, दुपारी एकदा त्यांच्याकडे जायचे असा माझा शिरस्ता पडला. सकाळी घरातून निघताना मी पाणी पीत नसे. साहेब सज्जन होते, पण ही गोष्ट त्यांना सांगायची मला लाज वाटे आणि विचारायचे त्यांना सुचले नाही. पुढे चार वर्षांत आणखी दोघी आल्या. आम्ही तिघींनी मिळून अर्ज दिला आणि पावसाळ्याआधी बांधकाम झाले. एकटी होते तोवर मी निमूटपणे सोसले, तिघी झालो तेव्हा मागितले. संख्येला एवढे महत्त्व का देतात, हे मला तेव्हा उमगले.

दुसरा प्रसंग लोकांच्या कामाचा आहे. बाप वारला की सातबारावर वारसाई नोंद होते आणि पाठोपाठ बहिणींना ‘हक्क कमी’ करायला, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडायला, आणले जाते, हे तू लवकरच रोज पाहशील. एकदा अशीच एक चाळिशीची बाई दोन भावांबरोबर आली होती. तिच्या अंगठ्याला शाई आधीच लागलेली होती. जबाब घेताना मी जे जे विचारले त्याला ती मान खाली घालून ‘हा’ म्हणत होती. मी भावांना ओसरीवर बसायला सांगितले आणि शिपायाला तिच्यासाठी पाणी आणायला पाठवले. पाणी पिऊन झाल्यावर ती गुजरातीत म्हणाली, “भावाने विचारले तर सांगा की मी नकार दिला नव्हता, पण माझे नाव राहू द्या.” तिचे नाव राहिले. माझ्या आधी त्या टेबलावर बसणारे गृहस्थ वाईट नव्हते, नोटीस वेळेवर काढत आणि नोंदही नियमानेच करत. पण त्यांच्या हाताखाली प्रत्येक बहीण भावांच्या देखतच बोलली, आणि भावांच्या देखत बहीण काय बोलणार हे आपण दोघीही जाणतो. स्त्री अधिकारी दयाळूच असते असा माझा दावा मुळीच नाही, पाषाणहृदयी स्त्री अधिकारीही मी पाहिल्या आहेत. पण समोर बसलेल्या माणसाला आपली अडचण उच्चारता येणे हा कारभाराचा भाग आहे, आणि साडेसहा गुणांनी तो मोजला जात नाही.

दादाच्या अमेरिकेविषयी थोडेच लिहिते. २०२० च्या निवडणूक प्रचारात जो बायडेन यांनी सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्रीची नेमणूक करण्याचे वचन दिले आणि २०२२ साली केतांजी ब्राउन जॅक्सन यांचे नाव सुचवले, तेव्हा ‘वर्ण पाहून निवडले’ अशी टीका झाली. त्या हार्वर्डच्या कायदा पदवीधर, त्याच न्यायालयात एका न्यायाधीशांच्या विधी सहायक म्हणून काम केलेल्या, २०१३ पासून न्यायाधीश असलेल्या. तरी सेनेटमध्ये मते पडली ५३ विरुद्ध ४७. रोनाल्ड रेगन यांनीही १९८० च्या प्रचारात स्त्री न्यायाधीश नेमण्याचे असेच वचन दिले होते, आणि १९८१ साली सँड्रा डे ओकॉनर यांची नेमणूक ९९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली. जॅक्सन यांच्या आधीच्या ११५ न्यायाधीशांपैकी १०८ गोरे पुरुष होते. त्या १०८ जणांचा वर्ण आणि लिंग पाहिले गेले नव्हते असे दादाला वाटत असेल, तर त्याने त्या देशाचा इतिहास पुन्हा एकदा वाचावा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने संघराज्याच्या कारभारातले विविधतेचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले, हे त्याचे म्हणणे खरे आहे. पण तिथे हा विषय एका राष्ट्राध्यक्षाच्या वचनावर आणि दुसऱ्याच्या आदेशावर चालतो. तुझी नेमणूक छापील नियमानुसार, परीक्षा देऊन, गुणानुक्रमे झालेली आहे. या दोहोंची गल्लत तू करू नयेस.

आता तुझ्या झोपेच्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटते तुझ्या पत्राचा गाभा तोच आहे.

आजी ज्यांचे नाव सांगते त्या तुझ्या पणजोबांपासूनच सुरुवात करू. वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांना गायकवाडी कचेऱ्यांनी जगवले. भाषा राज्यकर्त्यांची, लिहिता-वाचता येणारी घराणी, आणि ओळखीचा कोणीतरी आधीपासून आत बसलेला. आपल्या पणजोबांना साडेसहा गुण जास्त की कमी, असे कोणी विचारले नाही. ते कामाला नालायक होते असे मी म्हणत नाही, बहुतेक जण उत्तम कारकून होते. दार मात्र त्यांच्यासाठी उघडे होते आणि त्या दाराला आपल्या घरात कोणी आरक्षण म्हटले नाही.

त्याच राज्याने १९१३ साली एका हुशार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेत पाठवले. शिक्षणानंतर बडोद्याची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे रुजू झाले. महाराजांची मर्जी होती, पद मोठे होते आणि त्यांच्याइतका शिकलेला माणूस त्या कचेरीत क्वचितच कोणी असेल. तरी शिपाई फायली लांबून त्यांच्या टेबलावर टाकत आणि कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही, आणि मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. तू दांडिया बाजारातली आहेस, बागेत शंभर वेळा गेली असशील. हजर होण्याआधी एकदा मुद्दाम तिथे जा आणि थोडा वेळ बैस.

गुणवत्ता असली की सगळे आपोआप होते, असे ज्याला वाटते त्याला मी नेहमी ही हकीकत सांगते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाला नेमणूक मिळाली, पण पाण्याचा पेला मिळाला नाही. तुझ्या मैत्रिणीच्या पाठीमागे तू जे बोललीस, ते त्या लांबून टाकलेल्या फायलींच्याच जातीचे होते. मी हे तुला दुखवण्यासाठी लिहीत नाही. तुला स्वतःला ते टोचले म्हणूनच तू लिहिलेस, आणि टोचले हे फार चांगले झाले.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट तुझ्या कानावर घालते, कारण ती आपल्याच राज्यातली आहे आणि तुझ्या जागेशी तिचा थेट संबंध आहे. १ ऑगस्ट २०१८ रोजी गुजरात सरकारने एक परिपत्रक काढले होते. त्याचा परिणाम असा होत होता की, अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गातल्या मुलीला खुल्या प्रवर्गातल्या मुलीपेक्षा जास्त गुण असले, तरी तिचा खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर विचार होत नसे. लोकरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, भरतीतल्या मुलींनी त्याविरुद्ध गांधीनगरला २०१९-२० च्या थंडीत दोन महिन्यांहून अधिक काळ धरणे धरले. ऑगस्ट २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. तिथे इतर मागासवर्गातल्या एका मुलीला २७६ च्या वर गुण होते आणि खुल्या प्रवर्गात शेवटी निवडलेल्या मुलीला २७४ च्या आसपास, तरीही पहिली घरी बसली होती. खुली जागा ही कोणत्याही जातीसाठी राखलेली नसते, ती सर्वांना खुली असते, असे न्यायालयाने बजावले.

तेव्हा तुझी जागा ‘खुल्या प्रवर्गातील महिलांची’ आहे, याचा अर्थ ती आपल्यासारख्या घरांतल्या मुलींची आहे असा नाही. निवड यादी उघडून पाहा. त्यात राखीव प्रवर्गातल्या मुलींना त्यांच्या गुणांप्रमाणे खुल्या जागांवर घेतलेले असेल, तर यादी नियमाने झालेली आहे आणि तुला तुझ्या खुर्चीबद्दल कोणाकडेही सफाई देण्याचे कारण नाही. मामीच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो तू स्वतःच विचारावास अशी माझी इच्छा आहे.

मामीशी वाद घालू नकोस. त्यांचा मुलगा घरी बसला आहे, त्यांना आज आकडेमोड ऐकवून काही साधणार नाही. “मामी, मला वाईट वाटते, पण मी त्याची जागा घेतलेली नाही,” एवढे एकदा शांतपणे सांग आणि विषय पुन्हा निघाला तर पानावरचे वाढणे चालू ठेव. दादाला फोनवर उत्तर देण्याच्या भरीस पडू नकोस. मैत्रिणीला मात्र स्वतः फोन कर. माफीचे लांबलचक भाषण नको. मी तुझ्याविषयी पाठीमागे असे बोलले होते, ते चुकीचे होते, इतके पुरे. ती रागावली तर ऐकून घे. तिने विषय झटकून टाकला तर तू तो पुन्हा उकरू नकोस.

कचेरीत गेल्यावर पहिली वर्षे फिक्स पगाराची असतील, विभागीय परीक्षा असेल, आणि कोणी ना कोणी ‘महिला कोट्यातल्या बेन’ असे म्हणेलच. त्याला उत्तर देण्यात दुपार घालवू नकोस. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पाहून ठेव. स्त्रियांचे स्वच्छतागृह उघडे असते की त्याची किल्ली कोणाच्या तरी खणात असते, पाण्याच्या माठावरचा पेला सगळ्यांसाठी एकच आहे का, आणि अर्ज घेऊन आलेल्या बाईला बसायला खुर्ची आहे का. किल्ली खणात असेल तर ती मागून घे आणि परत देऊ नकोस.

मामेभावाकडे हजर होण्याच्या आधीच्या रविवारी जा, नंतर नको, कारण नंतर गेलीस तर ते मिरवल्यासारखे दिसेल. पेढे नेऊ नकोस. आपण नात्याने भावंडे आहोत हे त्याला सांगायची गरज नाही, ते त्याला माहीत आहे. त्याचा यादीतला नेमका क्रमांक त्याच्याबरोबर बसून काढा, म्हणजे पुढच्या वेळी किती अंतर कापायचे आहे हे त्याला कळेल. आणि जाताना तुझ्या महसूल कायद्याच्या आणि गुजराती व्याकरणाच्या वह्या घेऊन जा. मराठी घरातल्या मुलांचे गुण बहुधा व्याकरणातच जातात.

तुझी,
मावशी